इफेक्टफुल लायब्ररी: एक्सेप्शन आलं तरी काट्याचा पोर्ट सुटतो का?

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत इफेक्ट सिस्टीम (फाइल, स्थिती, एरर यांसारखी कामं टाइपमध्ये नोंदवून हाताळणारी लायब्ररी) निवडायची म्हटलं की चर्चा वेगावर नाहीतर टाइपच्या लांबीवर जाऊन अडकते. पण नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मशीनला जोडलेला, रात्रंदिवस चालणारा प्रोग्राम लिहायचा असेल तर पहिला प्रश्न वेगळा असतो. मधेच काही फिसकटलं तर उघडलेली फाइल, धरलेला सिरियल पोर्ट, डेटाबेसचं कनेक्शन हे नक्की सुटतं का? इफेक्टफुल ही अशीच एक इफेक्ट लायब्ररी, आणि तिचं हे परीक्षण फक्त त्याच अंगाने आहे. लायब्ररी फुकट आहे, बीएसडी परवान्याखाली मिळते आणि दोन पॅकेजांत येते: गाभा इफेक्टफुल-कोअरमध्ये, आणि फाइल, प्रोसेस, थ्रेड, टाइमआउट वगैरे इफेक्टफुलमध्ये.

उदाहरण इथलंच घेऊ. लासलगावसारख्या बाजार समितीत लिलावात माल विकला गेला की ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसकट काट्यावर चढतो, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा उतरतो आणि रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांची वजाबाकी हिशोबपट्टीवर जाते. समजा काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलने लिनक्सच्या पेटीला जोडलाय, आपला प्रोग्राम तिथून आकडा वाचतो आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये लिहितो. धरून ठेवायच्या गोष्टी तीनच: पोर्ट, कनेक्शन आणि लॉग फाइल. पण पोर्ट धरला आणि सोडायचा राहिला की पुढचं वजन अडतं आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर येते.

इफेक्टफुलचा पाया साधा आहे आणि तिचं बळ तिथेच आहे. एफ मोनाड, म्हणजे इफेक्टफुलमधलं प्रत्येक काम ज्या टाइपात लिहायचं तो, आतून एक फंक्शन आहे: वातावरण घ्यायचं आणि आयओ (बाहेरच्या जगाशी बोलणारं साधं हॅस्केल काम) द्यायचं. कुठल्या इफेक्टचा हँडलर (तो इफेक्ट प्रत्यक्षात पार पाडणारा कोड) कोणता आणि त्याची स्थिती काय, हे त्या वातावरणातल्या बदलत्या ॲरेत असतं. फ्री मोनाडच्या वळणाच्या लायब्रऱ्यांमध्ये प्रोग्राम आधी माहितीचं झाड असतो आणि हँडलर ते झाड उलगडत जातो. 'यापुढचं सगळं काम' हा एक तुकडा म्हणून हँडलरच्या हातात येतो. तो त्याने दोनदा चालवला किंवा टाकूनच दिला, तर मधे उघडलेल्या फाइलचं काय करायचं याला तिथे सरळ उत्तरच नाही. पॉलिसेमी या तशाच एका लायब्ररीत त्यासाठी रिसोर्स नावाचा वेगळा इफेक्ट आहे, पण त्याचा शुद्ध हँडलर रनरिसोर्स आयओतली एक्सेप्शनं पकडत नाही. खऱ्या बंदोबस्तासाठी रिसोर्सटूआयओफायनल लागतो, आणि तिथे आयओतून न जाणाऱ्या इफेक्टांची स्थिती त्या त्या टप्प्यापुरतीच राहते. इफेक्टफुलमध्ये 'यापुढचं काम' कुणाच्या हाती लागतच नाही, म्हणून हॅस्केलसोबतच येणाऱ्या बेस पॅकेजातला ब्रॅकेट (मिळवा, वापरा आणि काहीही झालं तरी सोडा, असं फंक्शन) जसाच्या तसा चालतो. या बदल्यात कोरूटीन (मधे थांबवून नंतर पुढे चालवता येणारं काम) किंवा एकच वाट अनेकदा चालून पाहणारा नॉनडिटर्मिनिझम इथे मिळणार नाही. काट्याच्या कामाला त्याची गरज नाही, आणि बहुतेक सर्व्हरांनाही नसते.

स्थितीच्या बाबतीतही हाच सरळपणा दिसतो. स्टेट इफेक्टमध्ये 'आज किती गाड्या तोलल्या' असा आकडा ठेवला आणि चौदाव्या गाडीला एरर आला, तर आकडा मागे जात नाही. हँडलर कुठल्या क्रमाने लावले यावर ते अवलंबून नसतं. आवराआवर करणाऱ्या फंक्शनला ताजी स्थिती दिसते आणि त्याने केलेला बदलही टिकतो. एरर आल्यावर स्थिती आधीसारखी हवी असेल तर सुरुवातीला तिची प्रत घेऊन आपणच परत ठेवायची. एक खाचखळगा मात्र आहे: स्टेटच्या लोकल प्रकाराची नव्या थ्रेडला (प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या कामाला) वेगळी प्रत मिळते आणि तिथले बदल मूळ थ्रेडला दिसत नाहीत. थ्रेडांमध्ये वाटून घ्यायची स्थिती असेल तर शेअर्ड प्रकारच घ्या.

आता एरर इफेक्ट. गोंधळ सर्वात जास्त इथेच होतो, म्हणून जरा थांबून बघू. एक्सेप्टटी हा एरर हाताळायचा जुना प्रकार वापरणाऱ्याला थ्रोएरर म्हणजे लेफ्ट (फसल्याचं उत्तर; यशाचं ते राइट) परत येणं अशी सवय असते. इफेक्टफुलचा थ्रोएरर जीएचसीचं (हॅस्केलच्या कम्पाइलरचं) खरंखुरं एक्सेप्शन फेकतो. एरर इफेक्टच्या हँडलरला, म्हणजे प्रत्येक रनएररला, स्वतःची खूण मिळते, फेकलेला एरर ती खूण घेऊन वर जातो आणि ज्याची खूण जुळते तोच रनएरर त्याला थांबवतो. त्यामुळे एकाच टाइपचे दोन रनएरर एकात एक असले तरी घोळ होत नाही. 'वजन स्थिर नाही' असा एरर ब्रॅकेटच्या आतून फेकला तर ब्रॅकेटला तो इतर कुठल्याही एक्सेप्शनसारखाच दिसतो आणि पोर्ट बंद होतो. एक्सेप्टटीवर हे सहजासहजी होत नाही. आयओतली फंक्शनं, ब्रॅकेटसुद्धा, इतर मोनाडांत वापरू देणारं अनलिफ्टआयओ पॅकेज तर तिला हातच लावत नाही.

याच गुणाची दुसरी बाजू अशी. मधल्या थरात कुणी 'काहीही आलं तरी लॉगमध्ये लिहा आणि पुढे चला' म्हणून समएक्सेप्शन (म्हणजे कुठलंही एक्सेप्शन) पकडलं, तर तुमचा थ्रोएररही तिथेच गिळला जातो. बाहेरचा रनएरर राइट परत देतो, वजन न घेताच गाडी 'तोलली' म्हणून नोंदली जाते. फक्त सिंक्रोनस, म्हणजे चालू कोडनेच फेकलेली एक्सेप्शनं पकडणारं कॅचसिंक वापरूनही यातून सुटका नाही, कारण थ्रोएरर हे सिंक्रोनस एक्सेप्शनच आहे. उपाय दोन. फक्त नोंद करायची असेल तर पकडू नका, ऑनएक्सेप्शन वापरा. ते काम करून एक्सेप्शन वर जाऊ देतं. आणि खरंच पकडायचं असेल तर नेमका टाइप लिहा, उदाहरणार्थ पोर्टच्या वाचनाभोवती फक्त आयओएक्सेप्शन. रनएरर एररसोबत कॉलस्टॅकही देतो, म्हणजे कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर फिसकटलं ते कळतं. ही सोय नको असेल तर रनएररनोकॉलस्टॅक आहे, पण चालू सिस्टीममध्ये कॉलस्टॅक ठेवावाच.

थ्रेडांच्या पलीकडून एरर आणायचा असेल तर असिंक (नवा थ्रेड सुरू करणं) आणि वेट (त्याच्या उत्तराची वाट पाहणं) ही जोडी बरोबर चालते. मुलाच्या थ्रेडातला थ्रोएरर वेटच्या जागी पुन्हा फेकला जातो आणि रनएरर त्याला ओळखतो. मुलाचा एरर आपोआप मूळ थ्रेडवर टाकणारं लिंक वापरलं तर तोच एरर एक्सेप्शनइनलिंक्डथ्रेड या वेष्टनात येतो, खूण आत दडते आणि रनएरर त्याला ओळखत नाही. नुसत्या फोर्कआयओत तर मूळ थ्रेडला पत्ताच लागत नाही. स्टँडर्ड एररवर एक ओळ छापली जाते आणि थ्रेड संपतो.

टाइमआउटचा सापळाही याच जातीचा आहे. काट्यावरून पाच सेकंदांत स्थिर आकडा आला नाही तर सोडून द्यायचं म्हणून वाचनाभोवती टाइमआउट लावला. आत पुन्हा प्रयत्न करणारी फेरी आहे आणि ती समएक्सेप्शन पकडते. टाइमआउट आतून काम करतो तो त्याच थ्रेडवर असिंक्रोनस, म्हणजे बाहेरून येणारं, एक्सेप्शन टाकून. फेरीने ते एक्सेप्शन 'वाचन फसलं' समजून पकडलं आणि पुन्हा वाचायला बसली. पाच सेकंद उलटून गेले, टाइमआउटचा एकमेव बाण वाया गेला, फेरी चालूच. इथे कॅचसिंक हेच बरोबर हत्यार आहे, कारण ते असिंक्रोनस एक्सेप्शनांना वाट मोकळी ठेवतं. इफेक्टफुल.एक्सेप्शन या मॉड्यूलमध्ये कॅचसिंक, हँडलसिंक, ट्रायसिंक ही तिन्ही तयार आहेत.

त्याच मॉड्यूलमध्ये ब्रॅकेट, फायनली, ब्रॅकेटऑनएरर, मास्क (असिंक्रोनस एक्सेप्शनांना तात्पुरतं थोपवणारं) आहेत, आणि इथे या लायब्ररीबद्दलची खरी तक्रार येते. एफ मोनाडला एक्सेप्शन्स पॅकेजचे मोनाडमास्कसारखे क्लास लागू आहेत. आयओई (आयओ करायची परवानगी देणारा इफेक्ट) हाताशी असेल तर अनलिफ्टआयओचा मोनाडअनलिफ्टआयओसुद्धा. म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये ब्रॅकेट नावाची तीन फंक्शनं असू शकतात, तिन्ही कम्पाइल होतात आणि तिन्हींचं वागणं सारखं नाही. इफेक्टफुलचा स्वतःचा ब्रॅकेट बेसचा आहे: मिळवणं आणि सोडणं मास्कखाली, मधलं काम मोकळं. मास्क असला तरी अडून बसणारी क्रिया, उदाहरणार्थ रिकामा एमव्हार (थ्रेडांमधला एका मूल्याचा खण) भरण्याची वाट पाहणं, मधेच तोडता येते. म्हणजे आवराआवर चालू असताना दुसरं असिंक्रोनस एक्सेप्शन आलं तर आवराआवर अर्धवट राहू शकते. अनलिफ्टआयओचा ब्रॅकेट सोडण्याचं काम अनइंटरप्टिबलमास्कखाली चालवतो, म्हणून तसं तुटत नाही. पण केबल निघालेल्या पोर्टवर उरलेले बाइट जाईपर्यंत थांबायचं काम तुम्ही त्यात घातलंत, तर थ्रेड तिथे कायमचा अडकतो आणि टाइमआउटही त्याला हलवू शकत नाही.

आणखी एक फरक रात्री बेरात्री लॉग वाचताना जाणवतो. मधल्या कामात एक्सेप्शन आलं आणि नंतर सोडण्याच्या कामातही दुसरं आलं, तर बेसच्या ब्रॅकेटमधून दुसरंच बाहेर येतं. 'पोर्ट बंद करता आला नाही' एवढंच दिसतं. मूळ कारण, म्हणजे केबलच निघाली होती, ते झाकलं जातं. अनलिफ्टआयओ अशा वेळी मूळ एक्सेप्शन वर पाठवतं. म्हणून प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच एकच ब्रॅकेट ठरवा, तो आपल्या एका मॉड्यूलमधून सगळ्यांना द्या आणि बाकीचे इम्पोर्ट रिव्ह्यूत अडवा. बेसचा घेतलात तर सोडण्याच्या कामाला ट्रायसिंक लावून तिथला एरर लॉगमध्ये टाका. सोडण्याचं काम लहान, लवकर संपणारं आणि न अडणारं असावं, हे तर दोन्हीकडे लागू.

ब्रॅकेट कुठे लावायचा हेही पाहा. भरलेलं वजन आणि रिकामं वजन यांच्यामध्ये ट्रॉली खळ्यावर जाऊन येते, त्याला कितीही वेळ लागू शकतो. एका गाडीचं काम म्हणून दोन्ही वजनांभोवती मिळून एक ब्रॅकेट लावणं दिसायला छान, पण तेवढा वेळ कनेक्शन आणि ट्रँझॅक्शन दोन्ही अडकून पडतात. पोर्ट प्रोग्रामच्या आयुष्यभरासाठी धरायचा असेल तर इंटरप्रेटच्या (इफेक्टला हँडलर जोडणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर ब्रॅकेट लावून हँडलर त्याच्या आत बसवावा. कनेक्शन मात्र प्रत्येक नोंदीपुरतंच घ्यावं, आणि पहिलं वजन लगेच टेबलात टाकून मोकळं व्हावं.

टाइप तुम्हाला एका गोष्टीपासून वाचवत नाहीत. विदफाइलच्या (फाइल उघडून काम संपताच बंद करणाऱ्या फंक्शनच्या) आतून हँडल, म्हणजे उघड्या फाइलची मूठ, हेच उत्तर म्हणून परत केलं तर इफेक्टफुल काही बोलत नाही. बाहेर ते हँडल बंद झालेलं असतं आणि एरर चालवताना येतो. आळशी वाचनाचंही तेच. एचगेटकंटेंट्सने वाचलेला मजकूर न उलगडता बाहेर नेला की बंद हँडलवरून वाचल्याची तक्रार भलत्याच ठिकाणी उगवते. आतच इव्हॅल्युएटडीप (मूल्य पूर्ण उलगडणारं फंक्शन) लावा किंवा सरळ काटेकोर बाइटस्ट्रिंग वाचा. एक्सेप्शन दडलेलं मूल्यही असंच निसटतं: कॅचच्या आत रिटर्न केलं आणि बाहेर पाहिलं, तर कॅच लावल्याचा काही उपयोग होत नाही. या बाबतीत टॉम एलिस यांची ब्लूफिन ही इफेक्ट लायब्ररी पुढे आहे. तिथे हँडलच्या टाइपवर त्याच्या कक्षेचा शिक्का असतो आणि कक्षेबाहेर नेऊ पाहाल तर कम्पाइलरच अडवतो. एक्सेप्शनसुद्धा तिथे हातात दिलेली वस्तू असते, त्यामुळे कुठला थ्रो कुठे थांबणार हे वाचताच कळतं. बदल्यात प्रत्येक फंक्शनला ही हँडलं हाताने पुरवत राहावी लागतात. लहान, नव्या प्रोग्रामला ब्लूफिन जरूर पाहावी. एमटीएल या जुन्या, रूढ लायब्ररीच्या वळणाचा कोड आणायचा असेल तर इफेक्टफुलमध्ये कमी मोडतोड होते.

रिसोर्सची कक्षा आधी ठरवता येत नसेल, म्हणजे किती फाइली उघडतील हे चालतानाच कळणार असेल, तर रिसोर्सटी-इफेक्टफुल हे जोडपॅकेज घ्या. ॲलोकेट केलेलं सगळं या पॅकेजातला रनरिसोर्स संपताना उलट्या क्रमाने सुटतं, आणि एखादी गोष्ट लवकर सोडायची असेल तर रिलीज आहे. लांब चालणाऱ्या फेरीभोवती मात्र एकच रनरिसोर्स लावू नका. सुटायची वेळ येतच नाही आणि फाइली साचत जातात.

कनेक्शन पूलबरोबरची (उघडी कनेक्शनं पुन्हापुन्हा वापरायला राखून ठेवणाऱ्या साठ्याबरोबरची) चूक उशिरा उघडी पडते, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो. रिसोर्स-पूल या पॅकेजात निष्क्रिय कनेक्शनं बंद करणारा स्वतंत्र थ्रेड असतो. बंद करायचं फंक्शन एफमध्ये लिहून विदसीकएफटूआयओने आयओत उतरवलं, तर ते फक्त मूळ थ्रेडवर चालतं. दुसऱ्या थ्रेडवरून हाक आली की चालवताना एरर येतो. चाचणीत सगळं हिरवं दिसतं, कारण चाचणी निष्क्रियतेची मुदत संपायच्या आत आटोपते. नंतर दुपारी काटा शांत असताना सफाईचा थ्रेड जागा होतो आणि कनेक्शन बंद करता येत नाही. तो एरर मुख्य थ्रेडकडे येतही नाही. पोस्टग्रेसची कनेक्शनांची मर्यादा मुळात १०० असते. पीजीस्टॅटॲक्टिव्हिटी या चालू कनेक्शनांच्या यादीत निष्क्रिय ओळी वाढताना दिसल्या की हेच आधी तपासा. लायब्ररीचा मार्ग कॉन्कअनलिफ्ट हा आहे, त्यात किती थ्रेड आणि वातावरण टिकवायचं की नाही हे सांगावं लागतं. पण त्याहून सोपं म्हणजे सोडण्याचं फंक्शन साध्या आयओत लिहा, त्यात इफेक्ट आणूच नका.

लायब्ररीची हमी जिथे संपते तो भाग म्हणजे प्रोग्राम बंद होणं. जीएचसीत कंट्रोल-सी मुख्य थ्रेडवर युजरइंटरप्ट बनून येतं, त्यामुळे ब्रॅकेट चालतात. सिगटर्म या 'बंद हो' म्हणणाऱ्या सिग्नलला मात्र मुळात कुठलाच हँडलर नसतो. प्रोसेस सहसा जागीच मरते आणि एकही ब्रॅकेट चालत नाही. लिनक्सवर सेवा चालवणारी सिस्टमडी आणि कंटेनर चालवणारा डॉकर दोन्ही थांबवताना सिगटर्मच पाठवतात. म्हणून युनिक्स पॅकेजातल्या इन्स्टॉलहँडलरने सिगटर्म पकडून मुख्य थ्रेडवर एक्सेप्शन टाकायचं, हे काम तुमचंच. त्यानंतर आवराआवरीला डॉकर मुळात १० सेकंद देतो आणि सिस्टमडी ९०, मग सिगकिल, म्हणजे अडवता न येणारा सिग्नल. मुख्य थ्रेड संपला की बाकीचे थ्रेड त्यांचे ब्रॅकेट न चालवताच जातात, हेही लक्षात ठेवा. मुलांना विदअसिंकने सुरू केलं तर बाहेर पडताना ती रद्द होतात आणि त्यांची आवराआवर संपेपर्यंत थांबलं जातं. सी भाषेतल्या लायब्ररीत अडकलेली हाक मात्र असिंक्रोनस एक्सेप्शनने तुटत नाही. ती परतेपर्यंत एक्सेप्शन ताटकळत राहतं.

आणि लाईट गेली तर यातलं काहीच चालत नाही. आवराआवरीवर हिशोबाचा खरेपणा टांगून ठेवू नका. वजन आणि पावतीचा नंबर एकाच ट्रँझॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे अर्धवट राहिलेलं पोस्टग्रेस उठताना स्वतःच टाकून देतं. 'फाइल आहे म्हणजे काटा व्यस्त' अशा कुलूप-फाइलीऐवजी एफलॉक हे ऑपरेटिंग सिस्टीमचं फाइल-कुलूप वापरा. पहिल्या प्रकारात लाईट आल्यावर शिळी फाइल कुणीतरी हाताने पुसेपर्यंत काटा बंद राहतो. एफलॉक प्रोसेस गेली की कर्नल स्वतःच सोडतो.

दस्तऐवज चांगले आहेत, विशेषतः अनलिफ्टच्या पद्धतींवरचे. टाइप ओळखताना कम्पाइलर अडखळला तर इफेक्टफुल-प्लगइन लावा, बरेच टाइप लिहायचे वाचतात. वेगाबद्दल वेगळं बोलायची गरज नाही. काट्याच्या केबलचाच वेग त्याहून कितीतरी कमी असतो.

विकत घ्यायची नसली तरी पारखून घ्या, आणि पारख अशी करा. वजन वाचण्याच्या मधोमध थ्रोएरर टाकणारा नकली काटा बनवा आणि तो दोन हजार वेळा चालवा. लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फाइलींची मर्यादा सहसा १०२४ असते, त्यामुळे दरवेळी एक जरी सुटायची राहिली तरी मधेच प्रोग्राम कोसळेल. दर शंभर फेऱ्यांनी प्रॉक फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या एफडी यादीतल्या (उघड्या फाइलींच्या यादीतल्या) नोंदी मोजा. मग तीच चाचणी टाइमआउटने तोडून, मग दुसऱ्या थ्रेडवरून कॅन्सल करून, आणि शेवटी बाहेरून सिगटर्म पाठवून करा. मोजण्याआधी परफॉर्मजीसी (मेमरीतला कचरा मुद्दाम गोळा करायला लावणारं फंक्शन) चालवू नका. हॅस्केलचं हरवलेलं फाइल हँडल कचरा गोळा होताना आपोआप बंद होतं, आणि तेवढ्याने गळती असलेला कोडही चाचणीतून सुटून जातो.